आठवड्यातला एक दिवस कार्यशाळेचा

मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला जाणारा व्यवसायपूर्व विषय आहे. शिक्षक, विद्यार्थी आणि गावकरी त्याला ‘आयबीटी’ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथील विज्ञान आश्रमाने तो १९८० च्या दशकात घडवला. पुढे राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मान्यतेने तो इतर शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस वर्गातले बाक सोडून विद्यार्थी कार्यशाळेत, शेतात, स्वयंपाकाच्या ओट्याशी किंवा विजेच्या फळ्यासमोर काम करतात. जे करायचे ते कुणाच्या तरी वापराचे असावे, एवढी अट असते. शाळेचे तुटलेले बाक, गावातली विहीर, शेजारची गाय, गावातल्या दुकानात विकली जाणारी चिक्की, हे सगळे या विषयाचे पाठ होतात.

पूर्वपीठिका

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगकेंद्री शिक्षणाचा विचार मांडला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला आणि ‘नई तालीम’ या नावाने सेवाग्रामच्या परिसरात तो राबवला गेला. त्यात सूतकताई, शेती यांसारखा एक मूळ उद्योग मध्यभागी होता आणि भाषा, गणित, विज्ञान त्याच्याभोवती गुंफलेले होते.

स्वातंत्र्यानंतर डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवले. दोन्हींना वेळापत्रकात जागा मिळाली, पण बहुतेक शाळांत कार्यानुभवाचा तास कागदी फुले, खडू आणि मेणबत्त्यांपुरता उरला. साधने नव्हती, काम जाणणारा शिक्षक नव्हता आणि केलेल्या वस्तूला घेणारा नव्हता.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे करणाऱ्या नाईकांनीच भारतीय शिक्षण संस्था स्थापली. पुण्यातल्या या संस्थेच्या छत्राखाली १९८३ मध्ये पाबळचा विज्ञान आश्रम सुरू झाला. कार्यानुभव जिथे अडला होता, तिथूनच या आश्रमाने सुरुवात केली.

पाबळ आणि डॉ. कालबाग

आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ शेषगिरी कालबाग (१९२८–२००३) अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. निवृत्तीची वाट न पाहता ती नोकरी सोडून त्यांनी पत्नीसह खेड्यात राहायचे ठरवले. पाबळ हे मस्तानीच्या समाधीमुळे इतिहासात नोंदलेले गाव, पण पाऊस कमी आणि शेती बेभरवशाची. इथे जे चालेल ते देशातल्या कोणत्याही सामान्य गावात चालेल, हा त्या निवडीमागचा हिशेब होता.

कालबागांचे निरीक्षण साधे होते. शाळेत नापास होणारी मुले घरी मोटर दुरुस्त करतात, जनावरे सांभाळतात, बाजारात तोंडी हिशेब करतात. मूल शाळेत येण्याआधी भाषा, चालणे, झाडावर चढणे हे सगळे करून, चुकून आणि पुन्हा करून शिकलेले असते. शाळा ही रीत बाजूला ठेवते. ती परत शाळेत आणायची असेल, तर कामाचे विषयही अनेक हवेत, कारण खेड्यातल्या माणसाला एका कसबावर भागत नाही. त्याला थोडे सुतारकाम, थोडे विजेचे काम, शेती आणि घरातल्या आजारपणाची समज, सगळेच लागते. म्हणून नई तालीममधल्या एका मूळ उद्योगाच्या जागी आयबीटीत चार विभाग आले.

चार विभाग

अभियांत्रिकी विभागाची सुरुवात मोजण्यापासून होते. मीटर टेप, गुण्या, व्हर्निअर कॅलिपर आणि स्क्रूगेज हाताळल्यावर हॅकसॉने कापणे, कानशीने घासणे, ड्रिल मारणे, पत्राकाम, आर्क वेल्डिंग, सुतारकाम, नळजोडणी आणि बांधकाम अशा पायऱ्या येतात. वीटकामात ओळंबा आणि पाणपातळी वापरतात. फेरोसिमेंटमध्ये बारीक जाळीवर सिमेंटचा पातळ थर चढवून पाण्याची टाकी किंवा पत्रे करतात.

ऊर्जा-पर्यावरण विभागात घरगुती वायरिंग, जिन्यावरच्या दिव्याचे दोन बाजूंनी चालणारे बटण, अर्थिंग, गोबर गॅस, सौर चूल, पर्जन्यमापक, शोषखड्डा आणि प्लेन टेबलने जमिनीचा नकाशा काढणे हे विषय असतात. शेती-पशुपालनात माती परीक्षण, बीजप्रक्रिया, गुटी कलम, डोळे भरणे, रोपवाटिका, दात पाहून जनावराचे वय ओळखणे आणि कोंबडीपालन येते. गृह-आरोग्य विभागात शिवण, बेकरी, फळप्रक्रिया, उंची-वजनाची नोंद, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी यांचा समावेश असतो.

चारही विभाग सर्वांना सक्तीचे आहेत. मुली वेल्डिंगचा काळा मुखवटा धरतात आणि मुलगे शिलाई मशीनवर बसून पिशवी शिवतात. वर्गाच्या तुकड्या पाडून त्या आळीपाळीने विभाग बदलतात, त्यामुळे वीस-बावीस मुलांना पुरेल एवढीच अवजारे घेऊन काम चालते. शिकवणाऱ्याला ‘निदेशक’ म्हणतात. निदेशक बहुधा गावातला किंवा आसपासचा, हाताने काम करणारा माणूस असतो. त्याच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी असेलच असे नाही.

गायीचे वजन टेपने

शेती-पशुपालन विभागातले एक प्रात्यक्षिक पाहिले की या विषयाची रीत लक्षात येते. औषधाची मात्रा, खुराक आणि बाजारातली किंमत ठरवायला जनावराचे वजन लागते, पण गावात गुरांचा काटा नसतो. विद्यार्थी शिंप्याची टेप घेऊन गोठ्यात जातात. गाय सपाट जागी, मान सरळ ठेवून उभी करतात. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घेतात आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या बाजूला शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजतात. दोन्ही मापे इंचांत. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल, तर ३,६०० गुणिले ५० म्हणजे १,८०,०००. त्याला ६६० ने भागल्यावर वजन सुमारे २७३ किलो येते.

खरे काम यानंतर सुरू होते. हे सूत्र कुठून आले? गायीचे धड हा एक आडवा दंडगोल मानला, तर घेरावरून त्रिज्या काढता येते आणि घनफळ मिळते. वरच्याच मापांचा दंडगोल सुमारे २३५ लिटर भरतो. शरीराची घनता पाण्याच्या जवळपास धरली, तर धडाचे वजन २३५ किलोच्या आसपास होते. सूत्राच्या उत्तरातले वरचे अडतीस किलो कुठले, याचे उत्तर मुले गायीकडे बघून देतात: डोके, मान आणि चार पाय दंडगोलात धरलेलेच नाहीत. नववीच्या भूमितीतले घनफळ इथे गोठ्यात उभे राहून तपासले जाते. घेर मोजताना टेप दोन इंच सैल राहिली, तर वजनात अठरा-वीस किलोचा फरक पडतो, कारण घेराचा वर्ग होतो. हेही वहीत लिहून घेतले जाते.

पासष्ट नळ्यांचा डोम

अभियांत्रिकी विभागाची ओळख ठरलेली रचना म्हणजे डोम. त्रिकोणांच्या जाळ्यातून उभा राहणारा हा अर्धगोल वजनाने हलका असतो आणि वाऱ्याला व भूकंपाला चांगले तोंड देतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अशा घरांची चर्चा वाढली आणि आश्रमाची रचना ‘पाबळ डोम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळांच्या आवारात त्याचे छोटे रूप ग्रीनहाऊस, साठवणीची खोली किंवा खेळण्याचा सांगाडा म्हणून दिसते.

शाळेत बसणाऱ्या साध्या डोमला ६५ नळ्या, २६ सांधे आणि ४० त्रिकोण लागतात. नळ्या फक्त दोनच लांबींच्या असतात: ३५ लांब आणि ३० आखूड. लांब नळी त्रिज्येच्या ०.६१८ पट, आखूड ०.५४७ पट. दोन मीटर त्रिज्येचा डोम करायचा तर लांब नळी सुमारे १२३.६ सेंटिमीटर आणि आखूड १०९.३ सेंटिमीटर धरावी लागते, आणि हे माप नळीच्या टोकापासून नव्हे, एका बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत घ्यायचे असते. इथेच तुकडीची पहिली चूक होते. भोकापलीकडचा भाग विसरून नळ्या कापल्या, तर सगळ्याच तोकड्या पडतात.

जोडणीच्या आधी नळ्यांना दोन रंग देतात. तळाची दहा कोनांची कडी लांब नळ्यांचीच असते. सहा सांध्यांवर पाच नळ्या भेटतात, दहांवर सहा आणि तळाच्या दहांवर चार. हे सांधे मोजून गुणाकार केला की ३०, ६० आणि ४० मिळून १३० टोके होतात. प्रत्येक नळीला दोन टोके, म्हणून ६५ नळ्या. सांगाडा पुरा होईपर्यंत बोल्ट ढिले ठेवायचे आणि शेवटी आवळायचे, हा निदेशकाचा नियम असतो. एखादी नळी सेंटिमीटरभर जास्त असेल, तर ती त्या जागी कळत नाही. शेवटच्या दोन-तीन बोल्टांची भोके जुळेनाशी होतात तेव्हा कळते. मग कोणी कापली, कोणी मोजली, याची वही उघडली जाते.

पाण्याची बाटली आणि चिक्कीची कढई

गृह-आरोग्य विभागातली पाणी तपासणी एका छोट्या बाटलीत होते. रसायन लावलेली कागदाची पट्टी आत असलेली निर्जंतुक बाटली घेऊन विद्यार्थी गावातल्या विहिरी, हातपंप आणि शाळेच्या टाकीवर जातात. खुणेपर्यंत पाणी भरतात, झाकण लावतात, जागा आणि वेळ लिहून बाटली साध्या खोलीत एक ते दोन दिवस ठेवतात. पाणी काळे पडले, तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. असे जंतू गंधकाचा वायू तयार करतात आणि तो पट्टीतल्या लोहाशी मिळून काळा पदार्थ होतो. विहीर काळी आली की ग्रामपंचायतीला कळवायचे, क्लोरीन टाकल्यावर पुन्हा तपासायचे. पाऊस सुरू झाल्यावर आणि उन्हाळ्यात अशा दोनदा तपासण्या केल्या, तर कोणती विहीर कधी बिघडते याचा गावाचा तक्ताच तयार होतो.

चिक्कीचा पाठ दिसायला सोपा आणि हिशेबाला अवघड आहे. शेंगदाणे भाजून, साले पाखडून, दोन भाग करून तोलायचे. भाजण्यात ओलावा जातो, पाखडण्यात साले जातात. आधीचे आणि नंतरचे वजन लिहिले की ‘घट’ कळते. गुळाचा पाक तयार झाला का, हे थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहतात. थेंब मऊ गोळी झाला तर चिक्की दाताला चिकटेल. कडक होऊन कट्‌कन मोडला, तर दाणे घालायची वेळ झाली. लाटणे तूप लावून तयार हवे, कारण ओतल्यानंतर हाताशी मिनिटभरच असते.

यानंतर येते कॉस्टिंग. दाणे, गूळ, तूप, गॅस, प्लास्टिकची पिशवी यांची किंमत, मजुरी, कढई-ओट्याची झीज, आणि मोडलेले, न विकले जाणारे तुकडे. पहिल्यांदा मुले फक्त दाणे आणि गूळ मोजतात आणि नफा भरघोस येतो. निदेशक गॅस आणि मजुरी धरायला लावतो, तेव्हा नफा बराच खाली येतो. बाजारात याच वजनाची चिक्की काय भावाने मिळते, हे विचारून आणणे हा त्याच पाठाचा भाग आहे. शेकडेवारी, नफा-तोटा आणि घसारा हे धडे पुस्तकात असतात. इथे ते पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाला भिडतात.

लोकोपयोगी सेवा

केलेली वस्तू कपाटात न ठेवता कुणाला तरी द्यायची, या तत्त्वाला विषयात ‘लोकोपयोगी सेवा’ म्हणतात. शाळेतले बाक, खिडक्यांच्या जाळ्या, विजेची दुरुस्ती, सांडपाण्याचे शोषखड्डे, अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनाच्या नोंदी, माती परीक्षण आणि रोपे ही कामे माफक दरात केली जातात. साहित्याचे पैसे वसूल व्हावेत आणि थोडी शिल्लक पुढच्या साहित्याला लागावी, असा हिशेब असतो. फुकट काम करायचे नाही, यामागे कारण आहे. पैसे देणारा माणूस तक्रार करतो आणि तक्रार ऐकणे हाही शिक्षणाचा भाग मानला जातो. स्टूल डुगडुगत असेल, तर ते परत येते. पाय पुन्हा घासून समपातळीत आणावे लागतात.

नोंदवही, परीक्षा आणि निकाल

प्रत्येक प्रात्यक्षिकाची वही असते. त्यात तारीख, उद्देश, साहित्य, आकृती, कृती, काय चुकले, खर्च आणि घ्यायची काळजी एवढे मथळे ठरलेले. सुरक्षिततेचा भाग वेगळा शिकवला जातो: वेल्डिंगला काच, ग्राइंडरला चश्मा, सैल ओढणी बांधून घेणे, वायरिंगआधी मेन बंद करणे. मूल्यमापनात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकालाही वजन असते. परीक्षक कामाचा तुकडा हातात घेऊन मोजतो आणि विद्यार्थ्याला तेच काम पुन्हा करून दाखवायला सांगतो.

विद्यार्थ्यांची मिळकत गुणपत्रिकेत थोडीच दिसते. दहावीनंतर आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात जाणाऱ्याला अवजारांची भीती उरत नाही. शेतीतच राहणारा मोटरचा स्टार्टर उघडून पाहू शकतो. ज्यांना आणखी शिकायचे असते, त्यांच्यासाठी पाबळच्या आश्रमात मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे. तिथेही हेच चार विभाग असतात, पण काम पूर्णवेळ आणि गिऱ्हाईक खरे. फॅब्रिकेशन, वीज-दुरुस्ती, रोपवाटिका, बेकरी असे व्यवसाय करणारे अनेक तरुण या अभ्यासक्रमातून गावांकडे गेले आहेत.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या गटाच्या सहकार्याने आश्रमात फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक होती. दुधाची तपासणी, इंजिनाची जुळणी अशा गावाच्या गरजांसाठी स्वतःच सर्किट आणि यंत्राचे भाग करता यावेत, हा तिचा उद्देश होता. त्यामुळे हॅकसॉ आणि लेसर कटर एकाच आवारात आले आणि शाळेच्या मुलांनाही संगणकावर काढलेली आकृती कापून हातात घेता आली.

प्रसार आणि अडचणी

पाबळच्या शाळेत सुरू झालेला हा प्रयोग मंडळाच्या मान्यतेनंतर राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. लेंड-अ-हँड-इंडियासारख्या संस्थांनी तो महाराष्ट्राबाहेरही नेला. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाल्यावर याच चार विभागांच्या धर्तीवर नववी-दहावीसाठी ‘मल्टी स्किल’ हा विषय आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद केली. पाबळमध्ये शेहेचाळीस वर्षांनी पुन्हा मांडलेला सेवाग्रामचा विचार अशा रीतीने धोरणात आला.

अडचणी ठरलेल्या आहेत. निदेशकाचे मानधन अपुरे आणि अनियमित असले, की कसबी माणूस बाहेरच्या कामाकडे वळतो. अवजारे मिळतात, पण ड्रिलचे बिट, वेल्डिंगच्या कांड्या, कागदी पट्ट्या यांसारख्या संपणाऱ्या साहित्याला निधी लागतो. दहावीच्या वर्षी आठवड्यातला तो दिवस गणित-विज्ञानाच्या सरावाला द्यावा, असा पालकांचा आग्रह असतो. हाताच्या कामाकडे कमीपणाने पाहण्याची सवय घरात आणि स्टाफरूममध्येही सुटलेली नाही. या अडचणी पार करणाऱ्या शाळांत बहुधा तीन गोष्टी आढळतात: मुख्याध्यापक तो दिवस वेळापत्रकातून हलू देत नाही, निदेशक शाळेचाच माणूस मानला जातो आणि लोकोपयोगी सेवेतून साहित्यापुरते पैसे परत येतात.

नवी शाळा हा विषय सुरू करते तेव्हा तिला मोठ्या इमारतीची गरज नसते. पत्र्याची एक शेड, बाहेर दोन-चार गुंठे जमीन, पाण्याचा नळ, थ्री-फेज वीज, ओटा आणि कुलूप लागणारे कपाट एवढ्यावर काम सुरू होते. पहिल्या महिन्यात विद्यार्थी बहुधा त्याच कपाटाच्या फळ्या, शेडमधले बाक आणि दिव्याची जोडणी करतात.